स्नोमोबाइलच्या ट्रॅकमधले स्टड काढावेत की ठेवावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिनियापोलिसमधल्या एका कुटुंबाने मिनेसोटातल्याच ब्रेनर्डजवळच्या केबिनवर ठेवायला दोन सीटची, 600 सीसीची वापरलेली स्लेड, म्हणजे स्नोमोबाइल, घेतली आहे. ट्रॅक (स्लेडखाली फिरणारा रबरी पट्टा) 136 इंच लांब, 15 इंच रुंद, त्यावरचे रबरी दाते म्हणजे लग सव्वा इंची. आधीच्या मालकाने ट्रॅकमध्ये 108 स्टड (धातूचे टोकदार खिळे) बसवलेत आणि पुढच्या दोन स्कीखाली 6 इंची कार्बाइड (अतिकठीण धातूची धार) लावलेत. अर्धं फिरणं पॉल बनियन ट्रेलवर आणि अर्धं गोठलेल्या गल लेकवर, आइसमध्ये भोक पाडून मासे धरायला (आइस फिशिंग). मागे मुलगी बसते. स्टड काढावेत का, आणि काढले तर राहिलेल्या भोकांनी ट्रॅक फाटेल का?

तुमच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे: काढा. मात्र तुम्हाला ज्या भोकांची काळजी वाटते, ती या सगळ्यातली सर्वांत किरकोळ गोष्ट आहे. खरी काळजी स्कीखालच्या 6 इंची कार्बाइडची करायला हवी. स्टड काढले आणि ते कार्बाइड तसेच ठेवले, तर स्लेड आत्तापेक्षा जास्त धोकादायक होईल, आणि नेमकी मुलगी मागे बसलेली असताना.

आधी कायद्याचं बघू, कारण तुमचा निम्मा निर्णय तिथेच होतो. पॉल बनियन ट्रेल जुन्या रेल्वेमार्गावर केलेली डांबरी वाट आहे. मिनेसोटात डांबरी सार्वजनिक ट्रेलवर ट्रॅकला धातूची पकड-साधनं लावलेली स्नोमोबाइल चालवायला बंदी आहे. वर दाबलेला स्नो आहे म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका. रस्ता ओलांडायच्या जागी, वाऱ्याने स्नो उडून गेलेल्या पट्ट्यांवर आणि मार्चमधल्या पातळ थरावर स्टड थेट डांबर उकरतात, आणि उन्हाळ्यात त्याच डांबरावरून सायकली आणि व्हीलचेअर जातात. 108 काढून 54 ठेवले तरी नियम मोडतोच. कारखान्यातूनच लगमध्ये बारीक स्टड बसवून येणारे ट्रॅकही त्यातून सुटत नाहीत. नियम ट्रॅकवरच्या धातूचा आहे, स्कीखालच्या कार्बाइडचा नाही. स्थानिक पातळीवर कुठे अपवाद केलेले असतात, म्हणून निघण्यापूर्वी डीएनआरचा (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा) त्या ट्रेलचा चालू नकाशा बघून घ्या.

पॉल बनियनवर जायचंच नाही, स्लेड ट्रेलरवर घालून थेट लेकच्या धक्क्यावर उतरवायची, असं असतं तर मी स्टड ठेवा म्हटलं असतं. कडक आइसवर त्यांच्या तोडीचं दुसरं काही नाही.

स्टड नेमकं काय करतात हे एकदा नीट समजलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. स्नोमध्ये काम करतो तो रबरी लग. तो स्नोत रुततो आणि मागे ढकलतो. आइसवर लग रुतत नाही, नुसता घसरतो. तिथे स्टडचं कार्बाइडचं टोक वजनाखाली आइसमध्ये घुसतं. तुमच्या ट्रॅकचा पिच (लगच्या दोन ओळींमधलं अंतर) 2.52 इंच असेल, तर 136 इंचात 54 आडव्या ओळी येतात आणि 108 स्टड म्हणजे ओळीमागे दोन. एका वेळी ट्रॅकचा साधारण एक तृतीयांश भाग जमिनीवर असतो, म्हणजे कुठल्याही क्षणी सगळी स्लेड आणि तुम्ही दोघं मिळून पस्तीसेक टोकांवर उभे असता. लोकांना वाटतं स्टड वेगासाठी असतात. त्यांचा खरा उपयोग थांबण्यासाठी आणि मागचा भाग मागेच राहावा यासाठी आहे. ब्रेक दाबला की ट्रॅकचा वेग कमी होतो. स्टड असतील तर ते आइस खरवडत स्लेड सरळ ठेवतात, नसतील तर ट्रॅक अडकून गुळगुळीत पट्ट्यासारखा सरकतो.

चार-सहा इंच ताज्या स्नोत मात्र स्टड हे फक्त ओझं आहे. किती ओझं ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर बघा: एक स्टड, त्याचा नट आणि नटाखालच्या आधाराच्या चकतीतला (बॅकर प्लेट) त्याचा वाटा एकत्र तोला आणि 108 ने गुणा. समजा 25 ग्रॅम भरलं, तर पावणेतीन किलो झाले. स्लेडच्या एकूण वजनापुढे हा आकडा छोटा वाटेल, पण हे वजन फिरतं आहे. प्रत्येक वेळी गती घेताना आणि ब्रेक लावताना इंजिनाला, चेनकेसला (इंजिनाची ताकद ट्रॅककडे नेणाऱ्या साखळीच्या पेटीला) आणि ब्रेकला ते हलवावं लागतं.

आता कार्बाइड, कारण इथेच घोडं पेंड खातं. स्कीखालच्या वेअर बारवर कार्बाइडची धार असते. ती पुढचा भाग वळवते. स्टड मागचा भाग धरून ठेवतात. या दोघांचा ताळमेळ लागतो. मागे स्टड भरपूर आणि पुढे कार्बाइड कमी असेल, तर हँडल वळवलं तरी स्लेड सरळच जाते, मागचा ट्रॅक पुढच्या स्कीला ढकलत राहतो. उलट पुढे कार्बाइड जास्त आणि मागे स्टड नाहीत, तर स्की आइसमध्ये घट्ट चावतात आणि मागचा भाग त्यांच्याभोवती गरकन फिरतो. पहिली चूक तुम्हाला वळणाबाहेर नेते. दुसरी स्लेड आडवी करते, आणि आडवी सरकणारी स्लेड एखाद्या उंचवट्याला अडली की उलटते. म्हणून मी दुसऱ्या चुकीला जास्त भितो.

वर्षानुवर्षं चालत आलेला अंदाज असा: 96 ते 108 स्टडला 4 ते 6 इंच कार्बाइड, 144 स्टडला 6 ते 8 इंच. स्टड अजिबात नसतील तर 4 इंच किंवा त्याहून कमी. तुमचे 6 इंची कार्बाइड आत्ताच्या 108 स्टडला शोभतात, बिनस्टडच्या ट्रॅकला नाही. स्टड काढाल त्याच दिवशी दोन्ही स्कीखाली 4 इंची बार बसवा. जुने बार झिजले आहेत, आता त्यांची धार कमीच असेल, असा हिशेब करू नका. झिजलेला बार एका स्कीखाली जास्त आणि दुसऱ्याखाली कमी झिजलेला असतो, आणि मग स्लेड एका अंगाला ओढते. नवीन बारबरोबर नवीन लॉकनट (आपोआप सैल न होणारे नट) घ्या. बार काढल्यावर स्कीच्या तळाला खाच पडलेली किंवा भोक लांबट झालेलं दिसलं, तर तेही आत्ताच निस्तरा.

दोन सीटच्या स्लेडमध्ये आणखी एक गोष्ट आहे. मागे माणूस बसला की वजन ट्रॅकवर जातं, स्की हलक्या होतात आणि स्लेड वळायला आळशी होते. एकटे बसलात की वजन पुढे येतं, स्की जास्त चावतात आणि मागचा भाग सैल पडतो. म्हणजे मुलीला घेऊन आज्ञाधारक वाटलेली स्लेड तुम्ही एकटे निघालात की अचानक चपळ होईल. बदल केल्यावर दोन्ही तऱ्हेने चालवून बघणं म्हणूनच गरजेचं आहे.

पाना हातात घेण्याआधी ट्रॅकची तपासणी करा. दोन लगच्या मधल्या सपाट रबरापासून लगच्या माथ्यापर्यंत मोजा. तिथूनच स्टडच्या टोकापर्यंत मोजा. स्टड लगच्या वर पाव इंच ते 3/8 इंच असावा. सव्वा इंची लग झिजून एक इंचावर आला असेल, तर तोच स्टड आता अर्धा इंच किंवा जास्त बाहेर डोकावत असणार. हा जादा भाग तरफेचं काम करतो: दर वेळी टोक आइसमध्ये रुतलं की स्टड मागे झुकतो आणि त्याचं आतलं चपटं डोकं रबरातून वर ओढलं जातं. अशा ट्रॅकवर भोकाच्या एका बाजूला चंद्रकोरीसारखी चीर दिसते. तिथला स्टड हाताने हलतो का बघा. हलत असेल तर तो या ना त्या दिवशी सुटून मागे उडणारच होता, मग तुम्ही पॉल बनियनवर जा वा न जा.

त्यानंतर टॉर्च घेऊन टनेलच्या, म्हणजे ट्रॅकवरच्या धातूच्या छताच्या, आत बघा. पुढे जिथे ट्रॅक वर वळतो, तिथला कूलंट थंड करणारा हीट एक्स्चेंजर सर्वांत आधी मार खातो. चकचकीत ओरखडे म्हणजे स्टड घासले आहेत. ओरखड्याभोवती हिरवट किंवा गुलाबी ओल म्हणजे कूलंट झिरपतो आहे. स्टडवाल्या स्लेडमध्ये टनेलला आतून प्रोटेक्टरच्या पट्ट्या लावलेल्या असायला हव्यात. त्या नाहीतच, किंवा स्टडच्या लांबीला पुरत नाहीत असं दिसलं, तर स्टड काढायला तेवढं एक कारणही पुरेसं आहे. कूलंट गळायला लागला तर भर थंडीत लेकच्या मधोमध इंजिन बंद करावं लागेल.

भोकांबद्दल. ट्रॅक म्हणजे नुसतं रबर नसतं; आत कापडी धाग्यांचे थर असतात आणि आडव्या काड्या असतात. स्टडचं भोक पाडताना ते धागे कापले गेले, ते नुकसान त्याच दिवशी झालं. स्टड काढल्याने नवीन धागा तुटत नाही, उलट भोकाच्या कडेला ओढणारा स्टडच गेल्याने ताण कमी होतो. व्यवस्थित पाडलेली, गोल, कोरीव कडांची भोकं असलेला ट्रॅक पुढे कित्येक सीझन चालतो. भोकात सिलिकोन किंवा रबराचा डिंक भरू नका. ट्रॅक दर फेरीत चाकांवरून वाकतो आणि भरलेलं सगळं बाहेर फेकून देतो. शिवाय त्यामागे ओल अडकून राहते. भोकं उघडी असली की पाणी आत येतं तसं बाहेरही जातं.

ट्रॅक टाकून द्यावा अशा खुणा वेगळ्या आहेत: एका भोकातून दुसऱ्या भोकाकडे गेलेली चीर, ट्रॅक फिरवणाऱ्या चाकाचे दाते ज्यात बसतात त्या खिडकीच्या कडेपर्यंत भोकातून आलेली फाट, भोकाच्या कडेला बोटाने दाबल्यावर रबराचे थर वेगळे होताना दिसणं, बाहेर आलेले, केसाळ धागे, मोडलेली आडवी काडी. यातलं एकही आढळलं, तर स्टड काढण्यात एक अख्खी दुपार घालवू नका. नवीन ट्रॅक घ्या, बिनस्टडचा.

काढायचं काम उबदार गॅरेजमध्ये करा. गारठ्यात रबर कडक असतं, स्टडचं डोकं सैल होत नाही आणि नटमधलं नायलॉनही चिवट झालेलं असतं. स्लेडचा मागचा भाग स्टँडवर उचला, चावी आणि टेदर (ओढली गेली की इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी) दोन्ही काढून खिशात ठेवा, आणि ट्रॅक फक्त हाताने फिरवा. अर्धे स्टड सैल केलेले असताना इंजिन चालू करून ट्रॅक फिरवू नये. सुटलेला स्टड गोळीसारखा मागे जातो.

स्टड आतून बाहेर आलेला असतो: चपटं डोकं ट्रॅकच्या आतल्या बाजूला, टोकाचा दांडा बाहेर, त्यावर बॅकर प्लेट आणि नट. म्हणून खोल सॉकेट लागतं. साधं सॉकेट टोकाला टेकतं आणि नटपर्यंत पोहोचत नाही. नटाचं माप कंपनीगणिक बदलतं, एक नट मोजून मगच सॉकेट घ्या. इम्पॅक्ट रेंच असेल तर काम फार सोपं होतं, कारण तिच्या झटक्याने नट फिरतो आणि स्टडचं डोकं रबरात रुतलेलं असल्याने तो जागच्या जागी राहतो. हाताच्या पान्याने हळूहळू जोर लावला की दोघं एकत्र फिरू लागतात. झटके छोटे छोटे द्या. सलग दाबून धरलं तर डोकं रबर कुरतडतं.

नट निघाला की दांड्याच्या टोकावर लाकडी ठोकळ्याने हलकेच मारून स्टड आत ढकला आणि आतल्या बाजूने पकडीने ओढून घ्या. कडेच्या पट्ट्यांमधले स्टड बाजूने सहज हाताला येतात. मधल्या पट्ट्यातल्यांसाठी ट्रॅक थोडा सैल करा आणि मागच्या चाकांच्या जरा पुढे काम करा, तिथे हात जायला जागा मिळते.

काही स्टड फिरतच राहतील. अशा वेळी दुसऱ्या माणसाने आतून डोकं लॉकिंग पक्कडीने धरावं. दांडा पकडायचा असेल तर नटाच्या लगेच वर धरा, कार्बाइडच्या टोकाला नाही. टोकाचं कार्बाइड ठिसूळ असतं, तुकडा उडतो. गंजलेल्या आट्यांवर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब पुरे, आणि रबरावर ओघळलेलं लगेच पुसा, पेट्रोलियमने रबर फुगतं. तरीही हलला नाही तर नट स्प्लिटरने नट फोडा. ग्राइंडर हा शेवटचा उपाय आहे: पेट्रोलची टाकी तिथेच वर आहे, ठिणग्या उडतात आणि तापलेला दांडा भोकाची कड जाळतो. वापरावाच लागला तर टनेल आणि टाकी ओल्या जाड कापडाने झाका, नटाखाली पत्र्याचा तुकडा धरा, दोन-तीन सेकंद कापा आणि पाण्याने थंड करा. गॉगल पूर्ण वेळ डोळ्यावर हवा.

शेवटी मोजणी. 108 स्टड, 108 नट, आणि प्लेट दुहेरी (एका प्लेटला दोन स्टड) असतील तर 54. एकही कमी भरला तर शोधून काढा. ट्रॅकच्या आत पडून राहिलेला स्टड रेल (ट्रॅक ज्यांवरून सरकतो त्या आतल्या दोन लांब पट्ट्या) आणि ट्रॅकच्या मध्ये अडकला, तर इतका वेळ वाचवलेला ट्रॅक पहिल्याच फेरीत फाडतो.

मग ट्रॅकचा ताण तपासा. स्टड टनेलला लागू नयेत म्हणून पुष्कळ लोक ट्रॅक पुस्तिकेपेक्षा जरा घट्ट ठेवतात. आता तशी गरज नाही. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेल्या वजनाने आणि झोळाच्या मापाने लावा, मग स्टँडवर ट्रॅक सावकाश फिरवून तो दोन्ही रेलपासून सारख्या अंतरावर चालतो का बघा. टनेलमधले प्रोटेक्टर राहू द्या. ते काढायचे तर रिव्हेट काढावे लागतात आणि टनेलला नवीन भोकं पडतात. उद्या उंच लगचा ट्रॅक बसवायचा असेल तरच तो खटाटोप करा.

स्क्रॅचर (आइस ओरबाडणाऱ्या दांड्या) नसतील तर बसवून घ्या. रेलखालची प्लास्टिकची पट्टी (हायफॅक्स) आणि हीट एक्स्चेंजर दोन्ही उडणाऱ्या स्नोने थंड राहतात. आइसवर तो मिळत नाही. स्टड असताना ते आइस खरवडून थोडा चुरा तरी वर उडवत होते, आता तेही बंद. स्क्रॅचरची लवचीक दांडी आइस ओरबाडून तो चुरा ट्रॅककडे फेकते. लेकवर तापमानाचा दिवा लागला किंवा प्लास्टिक जळाल्याचा वास आला, तर थांबा किंवा कडेच्या स्नोत जा.

पहिली चाचणी सपाट, मोकळ्या, स्नोने झाकलेल्या जागी घ्या. ताशी 20-25 किलोमीटरवर सरळ जाऊन मध्यम ब्रेक लावा, मागचा भाग कुठल्या बाजूला जातो ते बघा. मग रुंद वळण घ्या. मागचा भाग सुटतो असं वाटलं तर कार्बाइड अजून जास्त आहे किंवा पुढच्या शॉकवर भार जास्त आहे. वळतच नसेल तर पुढचा लिमिटर पट्टा (ट्रॅकच्या पुढच्या भागाचं सस्पेन्शन किती खाली उतरेल ते आवरणारा) एक भोक आवळा. प्रथम एकट्याने, मग मागे एखाद्या मोठ्या माणसाला बसवून. मुलगी त्यानंतर.

गल लेकवर मात्र सवय बदलावी लागेल. वाऱ्याने झाडून निघालेल्या काचेसारख्या आइसवर बिनस्टडची स्लेड थांबायला कित्येक पट अंतर घेते, आणि वळणात ब्रेक लावला की आडवी होते. फिश हाउसच्या (आइसवर मांडलेल्या मासेमारीच्या खोपट्यांच्या) वस्तीजवळ येताना खूप आधीपासून थ्रॉटल सोडून वेग कमी करा, ब्रेक फक्त सरळ रेषेत आणि हलका. पांढरा स्नो साचलेले पट्टे निवडून त्यांवरून जा. डीएनआर स्नोमोबाइलसाठी नव्या स्वच्छ आइसची 5 ते 7 इंच जाडी सांगतं. पांढरट, सच्छिद्र आइस असेल तर त्याहून बरीच जास्त हवी, आणि हा आकडा स्टड असोत वा नसोत तोच राहतो.

काढलेले स्टड लगेच फेकू नका. टोकावर प्रकाश धरा: अणकुचीदार असेल तर तो पुढे दुसऱ्या ट्रॅकला कामी येईल, चपटा चकचकीत ठिपका दिसला तर तो संपला. नट मात्र पुन्हा वापरायचे नाहीत. एकदा काढलेल्या लॉकनटचं नायलॉन सैल झालेलं असतं आणि पुढच्या ट्रॅकमधून पहिल्यांदा सुटेल तो तोच स्टड.